विकत घेतलेला चित्रपट आणि त्याचे कुलूप

पुस्तक विकत घेतले म्हणजे आपण नेमके काय विकत घेतले, हे सांगायला वकील लागत नाही. कागद, शाई आणि बांधणी आपली. मजकूर पुन्हा छापून विकण्याचा हक्क मात्र लेखकाचा किंवा प्रकाशकाचा. ते पुस्तक आपण मित्राला वाचायला देतो, जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकतो, आवडलेले उतारे वहीत उतरवून घेतो. हे सारे संकेत पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने ठरून गेले आहेत.

चित्रपटाचे तसे नाही. पहिली पाऊणशे वर्षे सामान्य प्रेक्षकाने चित्रपट कधी विकत घेतलाच नाही. तो घेत असे तिकीट, म्हणजे ठराविक वेळी ठराविक खुर्चीवर बसण्याची परवानगी. रिळे निर्मात्याची आणि वितरकाची. त्यामुळे ‘मी घेतलेल्या चित्रपटाची माझ्यासाठी एक प्रत करू का?’ हा प्रश्न कोणाला पडण्याचे कारणच नव्हते. प्रश्न निर्माण झाला तो एका यंत्रामुळे, आणि त्याचे उत्तर पुढे दुसऱ्या एका यंत्रामुळे बदलले. ही हकीकत प्रामुख्याने अमेरिकेतली आहे, कारण खटले तिथे लढले गेले. पण तिचे धागे आपल्या १९५७ च्या कायद्यापर्यंत येऊन पोचतात, म्हणून ती मुळापासून पाहू या.

सोनी कंपनीने १९७५ साली ‘बीटामॅक्स’ हे घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर बाजारात आणले. दूरचित्रवाणीवर चालू असलेला कार्यक्रम चुंबकीय फितीवर उतरवून घ्यायचा आणि सवडीने पाहायचा, हा त्याचा उपयोग. सुरुवातीच्या कॅसेटमध्ये जेमतेम तासाभराचे चित्रण मावत असे. अमेरिकेतल्या जाहिरातीत सोनीने सांगितले की, एकाच वेळी दोन वाहिन्यांवर लागणाऱ्या ‘कोजॅक’ आणि ‘कोलंबो’ या दोन गुप्तहेरमालिकांपैकी आता एकही चुकवावी लागणार नाही. या दोन्ही मालिका युनिव्हर्सल स्टुडिओच्या होत्या! युनिव्हर्सलने डिस्नेला बरोबर घेऊन नोव्हेंबर १९७६ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयात दावा लावला. त्यांचे म्हणणे असे की, कार्यक्रम फितीवर उतरवणे म्हणजे त्याची प्रत करणे, प्रत करण्याचा हक्क आमचा, आणि असे यंत्र विकणारा या हक्कभंगाला हातभार लावतो.

युनिव्हर्सलची मालक कंपनी त्याच सुमारास स्वतःची एक व्हिडिओ तबकडी तयार करत होती, हेही येथे नमूद करायला हवे. ती १९७८ च्या अखेरीस विक्रीला आली. तिच्यावर तयार चित्रपट पाहता येत असे, स्वतः काही उतरवता येत नसे. तेव्हा भांडण केवळ तत्त्वाचे नव्हते.

लाखो लोक घरी काय करतात हे न्यायालयासमोर मांडायचे, तर निदान एक तरी माणूस प्रतिवादी म्हणून हवा. स्टुडिओंनी तोही शोधला. तो त्यांच्याच वकिलांच्या संस्थेचा अशील होता आणि त्याने प्रतिवादी होण्यास संमती दिली होती. त्याच्याकडून नुकसानभरपाई मागितलेली नव्हती. त्याच्याजवळ सुमारे १०० कॅसेट होत्या. कार्यक्रमांचा कायमचा संग्रह करावा असा त्याचा मूळ विचार होता, पण कोऱ्या कॅसेट परवडेनात, म्हणून तो जुने चित्रण पुसून त्याच फिती पुन्हा वापरू लागला. ही बाब निकालपत्राच्या तळटिपेत नोंदवलेली आहे. आमच्या मते ती सर्व वकिली युक्तिवादांइतकीच बोलकी आहे.

खालच्या न्यायालयाने १९७९ साली सोनीच्या बाजूने निकाल दिला. अपील न्यायालयाने १९८१ साली तो फिरवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथे एकदा नव्हे, दोनदा युक्तिवाद झाले. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांची कागदपत्रे १९९३ साली अभ्यासकांना खुली झाली. त्यांवरून असे दिसते की, आरंभी बहुमत स्टुडिओंच्या बाजूने झुकलेले होते, न्यायमूर्ती ब्लॅकमन यांचा मसुदा हाच निकाल ठरेल अशी स्थिती होती आणि मधल्या महिन्यांत पारडे फिरले. १७ जानेवारी १९८४ रोजी पाच विरुद्ध चार अशा मतांनी सोनी जिंकली. ब्लॅकमन यांचे लेखन भिन्नमत म्हणून उरले. एक मत इकडचे तिकडे झाले असते, तर व्हिडिओ रेकॉर्डर अमेरिकेत वेगळ्याच अटींवर विकला गेला असता.

निकाल न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिला. त्यात दोन गोष्टी आहेत आणि त्या वेगवेगळ्या ठेवल्या पाहिजेत. पहिली यंत्राविषयी. एखाद्या यंत्राचे गैर नसलेले उपयोग भरीव असतील, तर काही लोक त्याचा गैरवापर करतात एवढ्यावरून विकणाऱ्याला जबाबदार धरता येणार नाही. ही कसोटी न्यायालयाने पेटंटच्या कायद्यातून उसनी घेतली. दुसरी गोष्ट वापराविषयी. सोनीच्या पाहणीत ९६ टक्क्यांहून अधिक यंत्रधारकांनी, एरवी चुकले असते असे कार्यक्रम उतरवून घेतले होते. मुलांच्या लाडक्या कार्यक्रमाचे निवेदक फ्रेड रॉजर्स यांनी साक्ष दिली होती की, घरच्यांनी आपला कार्यक्रम उतरवून सोयीच्या वेळी मुलांसह पाहिला, तर आपली काही हरकत नाही. फुकट प्रक्षेपित होणारा कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी उतरवून घेणे हा ‘उचित वापर’ आहे, असे न्यायालय म्हणाले. अमेरिकन कायद्यात उचित वापर ठरवताना हेतू काय, कृती कोणत्या प्रकारची, तिचा किती भाग घेतला आणि त्यामुळे तिच्या बाजारावर काय परिणाम होईल, या चार बाबी तोलून पाहतात. या यादीत चौथी बाब बहुधा सर्वांत जड पडते.

या निकालाने घरी चित्रपटांच्या प्रती करायला परवानगी दिली, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. निकाल केवळ ‘नंतर पाहण्या’पुरता होता. उतरवलेले चित्रण कायम जपून ठेवावे का, यावर न्यायालयाने निर्णय दिला नाही. आणि विकत घेतलेल्या कॅसेटवरून दुसरी कॅसेट करणे, हा तर दाव्याचा विषयच नव्हता.

दरम्यान विकत घेतलेल्या कॅसेट घरोघर येऊ लागल्या होत्या. १९७७ साली ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचे ५० चित्रपट एका कंपनीने परवाना घेऊन कॅसेटवर विकायला काढले. लगोलग कॅसेट भाड्याने देणारी दुकाने निघाली. अमेरिकन चित्रपटनिर्मात्यांच्या संघटनेचे प्रमुख जॅक व्हॅलेंटी यांनी १९८२ साली संसदीय समितीपुढे या यंत्राची तुलना एकट्या स्त्रीला गाठणाऱ्या बॉस्टनच्या कुप्रसिद्ध गळा आवळणाऱ्या खुन्याशी केली होती. पण ते दशक संपायच्या आतच स्टुडिओंना कॅसेटपासून मिळणारे उत्पन्न चित्रपटगृहांच्या उत्पन्नाहून वाढले. न्यायालयात हरल्यामुळे त्यांचा फायदाच झाला म्हणायचा!

तरीही एका कॅसेटवरून दुसरी करणे स्टुडिओंना थांबवायचेच होते. त्यासाठी त्यांनी न्यायालयाऐवजी विद्युत अभियंत्यांकडे धाव घेतली. १९८५ पासून ‘मॅक्रोव्हिजन’ नावाची योजना कॅसेटमध्ये येऊ लागली. ‘द कॉटन क्लब’ हा तिचा पहिला चित्रपट. ती मोठी चतुर आहे आणि वर्गात सांगण्याजोगी आहे.

जुन्या पद्धतीच्या दूरचित्रवाणीचे चित्र आडव्या रेषांनी बनते. आपल्याकडच्या पद्धतीत चित्रामागे ६२५ रेषा असत, पण त्यांतल्या सुमारे ५० पडद्यावर दिसतच नसत. इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्याच्या तळाकडून पुन्हा वर जाई, तेवढ्या वेळातल्या त्या रेषा. मॅक्रोव्हिजनने या अदृश्य जागेत अतिशय ‘तेजस्वी’ स्पंद घातले. पाहणाऱ्याला ते दिसत नसत. पण रेकॉर्डरमध्ये, येणारा संदेश फार जोरकस असेल तर तो कमी करणारे आणि दुबळा असेल तर वाढवणारे एक स्वयंचलित मंडल असते. ते या स्पंदांनी फसत असे. अंधाऱ्या खोलीत कोणी डोळ्यांवर विजेरी मारली की आपली बाहुली आक्रसते आणि खोलीतले काहीच दिसेनासे होते, तसेच हे. स्पंद पाहून मंडल सगळा संदेशच दाबून टाकी आणि नवी कॅसेट कधी काळवंडलेली, कधी उजळलेली, पाहवणार नाही अशी होई. दूरचित्रवाणी संचातले मंडल इतक्या चपळाईने वागत नसल्यामुळे मूळ कॅसेट मात्र व्यवस्थित दिसे.

कायदा याविषयी गप्प होता. प्रत करणे मना आहे असे कोणी सांगितले नव्हते, पण प्रत नीट होत नव्हती. एवीतेवी फितीवरून केलेली प्रत मुळापेक्षा फिकी असते, प्रतीवरून केलेली त्याहून फिकी. चार-पाच पिढ्यांत चित्राचा चोथा होतो. निसर्गानेच एक बांध घालून ठेवला होता.

हा बांध अंकीय तबकडीने फोडला. डीव्हीडी जपानात १९९६ च्या अखेरीस आणि अमेरिकेत १९९७ साली आली. तिच्यावरची माहिती सूक्ष्म खळग्यांच्या रूपात असते. सर्वांत लहान खळगा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही निम्म्याहून लहान, आणि शेजारच्या दोन मार्गिकांमधले अंतर ०.७४ मायक्रॉन. वाचणाऱ्या लेसरची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर, म्हणजे लाल प्रकाश. या खळग्यांतून निघतात ते शून्य आणि एक, आणि शून्य-एकची प्रत म्हणजे तेच शून्य-एक. हजारावी प्रतही मुळाइतकीच स्वच्छ. स्टुडिओंना धडकी भरली ती यामुळे, आणि ती भीती अनाठायी नव्हती.

म्हणून तबकडीला कुलूप बसवले. चित्रपट कूटलिपीत लिहायचा आणि ती उलगडण्याची किल्ली फक्त परवाना घेतलेल्या यंत्रनिर्मात्यांना द्यायची. तबकडीच्या आरंभीच्या एका खास भागात किल्लीची माहिती ठेवलेली असे. घरगुती रेकॉर्डरला मिळणाऱ्या कोऱ्या तबकडीवर तो भाग लिहिताच येत नसे. घरी केलेली प्रत म्हणजे बंद पेटी, किल्लीशिवाय. याची एक बाजू फारशी कोणी बोलून दाखवत नाही. कारखान्यात छापखान्यासारखे यंत्र लावून हजारो चोरट्या तबकड्या पाडणाऱ्याला हे कुलूप उघडावे लागतच नव्हते. तो सगळे खळगे, किल्लीच्या भागासह, जसेच्या तसे उठवू शकत होता. कुलपाने अडवला तो मुख्यतः घरातला माणूस.

किल्ली ४० बिटांची होती. त्या काळी अमेरिकेतून निर्यात होणाऱ्या कूटसाधनांवर निर्बंध होते, त्यांत बसणारी ही लांबी. ४० बिटांच्या किल्ल्या किती? दोनचा ४० वा घात, म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी. सेकंदाला १० लाख किल्ल्या लावून पाहणारा संगणक असेल, तर त्या सगळ्या १३ दिवसांच्या आत संपतात. विद्यार्थ्यांना हा हिशेब करायला जरूर द्यावा. कुलपाची रचना तर त्याहूनही कच्ची निघाली. १९९९ साली दाखवून देण्यात आले की, युक्तीने शोधल्यास दोनच्या २५ व्या घाताइतके, म्हणजे ३ कोटी ३५ लाखांच्या आसपास प्रयत्न पुरतात. त्याच संगणकाला अर्धे मिनिटभर काम! रचना गुप्त ठेवली आहे म्हणून कुलूप मजबूत, या समजुतीवर कूटशास्त्रज्ञ शतकभरापासून टीका करत आले आहेत. तीच चूक येथे झाली होती.

प्रत्यक्षात कुलूप उघडले ते आणखी सोप्या वाटेने. एका परवानाधारक कंपनीच्या संगणक-प्रणालीत तिची किल्ली पुरेशी झाकलेली नव्हती. ती मिळाल्यावर ऑक्टोबर १९९९ मध्ये ‘डीसीएसएस’ नावाचा छोटा प्रोग्रॅम प्रसिद्ध झाला. प्रसिद्ध करणारा नॉर्वेतला जॉन लेक योहान्सेन तेव्हा १५ वर्षांचा होता. बचावाचे म्हणणे असे होते की, विकत घेतलेली तबकडी लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकावर पाहण्याची सोय कोणी केलेली नव्हती, म्हणून हा खटाटोप.

या प्रोग्रॅमविषयी दोन देशांत दोन निकाल लागले, आणि त्यांतला फरक समजला की बाकीचे सोपे होते.

नॉर्वेत पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने योहान्सेनवर खटला भरला. कलम होते दुसऱ्याच्या बंदिस्त माहितीत घुसण्याचे, घरफोडीसारखे. ओस्लोच्या न्यायालयाने जानेवारी २००३ मध्ये त्याला निर्दोष सोडले. तबकडी त्याने रीतसर विकत घेतली होती, आणि स्वतःच्याच वस्तूत घुसणे हा गुन्हा कसा होईल? सरकारने अपील केले. डिसेंबर २००३ मध्ये अपील न्यायालयानेही त्याला सोडले आणि पुढे जाऊन सांगितले की, तबकडीला ओरखडे पडतात, ती खराब होते, तेव्हा जपून ठेवावासा वाटणाऱ्या चित्रपटाची प्रत करून घेण्याची मुभा ग्राहकाला असायला हवी. सरकारने नंतर प्रकरण सोडून दिले.

अमेरिकेत तोवर नवा कायदा झाला होता. १९९६ साली जिनिव्हात जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचे दोन करार झाले. त्यांना अनुसरून १९९८ साली अमेरिकन काँग्रेसने अंकीय सहस्रकाचा कॉपीराइट कायदा केला. त्यात प्रत करण्याविषयीचे जुने नियम तसेच राहिले, पण शेजारी नवे कलम आले. कॉपीराइट असलेल्या कृतीचे कुलूप तोडणे मना, आणि कुलूप तोडण्याची साधने बनवणे किंवा पुरवणेही मना. (याच कायद्याने नव्या व्हीएचएस रेकॉर्डरना मॅक्रोव्हिजनपुढे मान तुकवणे सक्तीचे केले. तोवर जे केवळ मंडलाचे वागणे होते, ते आता कायद्याचे पालन झाले!) डीसीएसएस छापणाऱ्या एका नियतकालिकावर आठ चित्रपट कंपन्यांनी न्यूयॉर्कमध्ये दावा लावला आणि ऑगस्ट २००० मध्ये त्या जिंकल्या. वादींमध्ये कोलंबिया पिक्चर्स होती. तिला १९८९ साली विकत घेतले होते सोनीने!

२००१ च्या नोव्हेंबरात अपील न्यायालयाने हा निकाल कायम केला. उचित वापराचे काय, या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर मासलेवाईक आहे. उचित वापर म्हणजे आपल्या पसंतीच्या उत्तमोत्तम तंत्राने प्रत करण्याची हमी नव्हे. पडद्यावर कॅमेरा रोखून चित्रण करायला कोणी अडवलेले नाही, असा त्याचा आशय होता. म्हणजे हक्क आहे, पण तो फिक्या प्रतीपुरता.

याच सुमारास गणितज्ञांनी एक मौज केली. संगणकातला कोणताही प्रोग्रॅम शेवटी एक मोठी संख्या असतो. फिल कार्मोडी यांनी मार्च २००१ मध्ये एक हजाराहून अधिक अंकी मूळ संख्या शोधली. ती द्विमान पद्धतीत लिहिली की डीसीएसएसचा संक्षिप्त केलेला मजकूर मिळतो. युक्ती साधी होती. संक्षिप्त मजकुराच्या शेवटाला काही जादा अंक जोडले तरी उलगडणारा प्रोग्रॅम त्यांकडे दुर्लक्ष करतो. मग मूळ संख्या हाती लागेपर्यंत ते शेपूट बदलत राहायचे. डिरिक्लेच्या प्रमेयामुळे अशी संख्या कुठे ना कुठे असणारच, याची खात्री असते. आता ही संख्या फळ्यावर लिहिणे हा अमेरिकेत गुन्हा मानायचा काय?

विकत घेतलेल्या चित्रपटाच्या खासगी प्रतीचा प्रश्न अमेरिकन न्यायालयात सर्वांत स्पष्टपणे आला तो २००९ साली. रिअलनेटवर्क्स कंपनीने घरची डीव्हीडी संगणकात साठवून ठेवण्याचा प्रोग्रॅम काढला होता. साठवलेली प्रतही कुलूपबंदच राही. कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीश मॅरिलिन पटेल यांनी त्याच्या विक्रीला मनाई केली. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, स्वतःच्या मालकीच्या डीव्हीडीची एक राखीव प्रत स्वतःच्या संगणकात ठेवणे हा कदाचित उचित वापर असेलही, पण अशी प्रत करू देणारे साधन बनवणे आणि विकणे कायद्याने मना आहे. १९८४ साली न्यायालयाने विचारले होते, ‘या यंत्राचा चांगला उपयोग आहे ना?’ पंचवीस वर्षांनी तो प्रश्नच गैरलागू झाला. प्रत करावी की नाही याऐवजी कुलूप उघडले का, एवढेच पाहायचे.

अमेरिकेत काँग्रेस ग्रंथालयाचे प्रमुख दर तीन वर्षांनी या मनाईला अपवाद जाहीर करतात. २००६ साली चित्रपट शिकवणाऱ्या महाविद्यालयीन प्राध्यापकांना वर्गात उतारे दाखवण्यासाठी कुलूप उघडण्याची मोकळीक मिळाली. पुढे ती इतर प्राध्यापकांना आणि शाळांपर्यंत वाढत गेली. विकत घेतलेला चित्रपट दुसऱ्या उपकरणावर नेण्याची साध्या ग्राहकाची मागणी मात्र २०१२ साली आणि पुन्हा २०१५ साली नाकारण्यात आली.

युरोपची वाट आधीपासूनच वेगळी होती. ध्वनिमुद्रक घरोघर पोचले तेव्हाच जर्मनीत हा वाद उभा राहिला. घरातल्या माणसावर पहारा ठेवणे म्हणजे त्याच्या घरात शिरणे, हे तिथल्या लोकांनी ओळखले. १९६५ च्या कायद्याने खासगी प्रत करायला मुभा दिली आणि यंत्राच्या किमतीत एक आकार लावला. तो गोळा करून कलावंतांत वाटायचा. आम्हाला ही तोड शहाणपणाची वाटते. कुलपाचा प्रश्न मात्र २००१ च्या युरोपीय निर्देशानंतर तिथेही आला, आणि नॉर्वेनेही २००५ साली कुलूप तोडण्यास मनाई केली. ब्रिटनची गंमत निराळी. तिथे स्वतःसाठी प्रत करण्याची मुभा ऑक्टोबर २०१४ मध्ये मिळाली आणि जुलै २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्दही केली. कारण, कलावंतांना भरपाई का नको याचा पुरेसा पुरावा सरकारने दिला नव्हता. जेमतेम नऊ महिने ब्रिटिश माणूस आपली सीडी संगणकात उतरवताना कायद्याच्या बाजूला होता.

आता आपल्याकडे पाहू. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. खासगी वापरासाठी ‘उचित व्यवहार’ करण्याची सूट त्याच्या ५२ व्या कलमात पहिल्यापासून होती, पण साहित्य, नाट्य, संगीत आणि कला यांच्यापुरती. चित्रपट त्यात नव्हते. १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी रंगीत दूरचित्रवाणी आली, पाठोपाठ व्हीसीआर आले, गावोगाव व्हिडिओ पार्लर निघाली आणि चोरट्या कॅसेटचा सुळसुळाट झाला. तेव्हा १९८४ साली कायदा दुरुस्त झाला, तोही शिक्षा वाढवण्याच्या दिशेने.

मोठा बदल २०१२ साली झाला. संगणक-प्रोग्रॅम सोडून ‘कोणत्याही कृती’चा खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठी उचित व्यवहार हक्कभंग ठरणार नाही, असे कलम ५२ म्हणू लागले. म्हणजे चित्रपटही त्यात आला. त्याच दुरुस्तीने ६५-अ हे कुलपाविषयीचे कलम आणले. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडही. पण ते अमेरिकन कलमासारखे नाही. कुलूप तोडणाऱ्याचा हेतू कॉपीराइटमधील हक्कांचा भंग करण्याचा असेल तरच गुन्हा, आणि या कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कामासाठी कुलूप उघडले तर ते कलम आड येत नाही. त्यात एक गमतीदार अटही आहे. अशा कामासाठी दुसऱ्याला कुलूप उघडून देणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता आणि हेतू यांची पूर्ण नोंद ठेवायची. जणू चौकातल्या किल्लीवाल्याला वही घालून दिली आहे!

तेव्हा आपण पैसे मोजून घेतलेल्या तबकडीची एक प्रत, स्वतःच्या घरी, स्वतःसाठी, मूळ तबकडी जवळ ठेवून केली, तर भारतीय कायद्याचे शब्द अमेरिकन कायद्याच्या मानाने आपल्याला पुष्कळ अनुकूल आहेत. मात्र ‘उचित’ या शब्दाची व्याख्या कायदा देत नाही. मूळ तबकडी विकून प्रत ठेवली, शेजारपाजाऱ्यांना प्रती वाटल्या किंवा भाड्याच्या तबकडीवरून प्रत केली, तर ती उचित ठरवणे अवघड जाईल. शाळेचे प्रकरण वेगळे. शाळेच्या उपक्रमात शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळी यांच्यापुरता चित्रपट दाखवण्यास त्याच कलमात मुभा आहे. पण ती दाखवण्याची. शाळेच्या कपाटासाठी केलेली प्रत ‘वैयक्तिक’ म्हणता येत नाही.

हे सगळे वाद ज्या वस्तूंवरून झाले त्या वस्तू आता नाहीशा होत आहेत. सोनीने बीटामॅक्सच्या कॅसेट बनवणे मार्च २०१६ मध्ये बंद केले, आणि त्याच वर्षी जपानच्या फुनाई कंपनीने व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन थांबवले. घरोघरच्या कॅसेट आता प्रत केल्याखेरीज पाहता येणार नाहीत. प्रती न राहिल्याने काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. १९३१ च्या ‘आलम आरा’ या आपल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

हल्ली संगणकावर ‘खरेदी’चे बटण दाबून घेतलेला चित्रपट तर हातात येतच नाही. विक्रेत्याचा निर्मात्याशी करार संपला की तो आपल्या यादीतूनही जाऊ शकतो. म्हणूनच कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२५ पासून असा नियम लागू केला आहे की, जी गोष्ट केवळ परवान्याने मिळते ती ‘विकत’ देतो असे म्हणायचे असेल, तर तसे ग्राहकाला स्पष्ट सांगितले पाहिजे.

कॉपीराइटला मुदत असते. आपल्याकडे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ १९५३ चा, तेव्हा चित्रपट म्हणून त्यावरचा हक्क २०१३ च्या डिसेंबरअखेर संपला. पटकथा आणि संगीत यांचे हिशेब निराळे, ते लेखकाच्या आणि संगीतकाराच्या मृत्यूपासून मोजतात. पण अशा जुन्या चित्रपटाच्या तबकडीवर कुलूप घातलेले असेल, तर ते १ जानेवारी २०१४ रोजी आपोआप उघडले नाही. कुलपात तारीख कुठेच लिहिलेली नसते.